पंचवीस गुणांचा माणूस

माणसाचा स्वभाव ही त्याची उपजत ठेव, की परिस्थितीने त्याच्यावर लादलेली गोष्ट, हा प्रश्न दलित साहित्याला पहिल्यापासून पडलेला आहे. अलीकडे तो मला संगणकावरच्या एका खेळात भेटला. खेळाची समीक्षा या पानांवर कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या खेळात तरुण मुले तासन्‌तास बसून माणसे घडवतात, त्यांना नावे आणि स्वभाव देतात, त्यातही माणसाविषयीचे एक तत्त्वज्ञान असतेच. ते तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

खेळाचे नाव 'द सिम्स'. विल राइट या अमेरिकन रचनाकाराचा हा खेळ २००० साली बाजारात आला. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या आगीत राइट यांचे घर जळाले. एकेक वस्तू जमवून संसार पुन्हा उभा करताना त्यांना ही कल्पना सुचली. यात जिंकणे-हरणे नाही. एक माणूस तयार करायचा, त्याला घर द्यायचे, त्याची भूक, झोप, अंघोळ, करमणूक सांभाळायची. मात्र त्याआधी त्याचा स्वभाव ठरवावा लागतो. पहिल्या खेळात त्यासाठी पाच रकाने होते: नीटनेटकेपणा, मनमिळाऊपणा, चपळपणा, खेळकरपणा आणि चांगुलपणा. एका रकान्यात जास्तीत जास्त दहा गुण भरता येत, पण हाती एकूण पंचवीसच. म्हणजे परिपूर्ण कोणीच नाही, आणि जन्मतःच कोणाच्या वाट्याला कमी गुण आले असेही नाही. सुरुवातीचे भांडवलसुद्धा ठरलेले, २०,००० सिमोलियन. सिमोलियन हे तिथले नाणे.

या खेळाकडे माझे लक्ष वेधले माझ्या एका विद्यार्थिनीने. २०१४ साली आलेला 'सिम्स ४' हा मूळ खेळ २०२२ पासून फुकट मिळतो. ती तो मैत्रिणीच्या लॅपटॉपवर खेळते. तिने स्वतःसारखीच एक मुलगी केली होती. तोच रंग, तोच चष्मा, चालणेही बरेचसे तसेच. आडनाव मात्र तिचे नव्हते. ते गावाच्या वरच्या आळीतले होते. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, "सर, तिथं आडनावावरून कुणी काही ओळखत नाही. म्हटलं, एकदा लावून बघावं." तिला स्वाभिमानाचा पाठ देणे सोपे होते. मी दिला नाही. अकरावीच्या वर्गात हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी क्षणभर थांबणारा आवाज मला अजून ऐकू येतो. आडनाव जिथे नुसते अक्षर आहे, अशी जागा तिला तासाभरापुरती मिळाली असेल तर ती हिरावून घेणारा मी कोण?

तरीही अशा समतेवर भाळून जाण्याचे कारण नाही. पहिल्या खेळात त्वचेच्या तीनच छटा होत्या. 'सिम्स ४' मधल्या गडद छटा राखाडी, निर्जीव दिसतात, हे कृष्णवर्णी खेळाडूंना वर्षानुवर्षे ओरडून सांगावे लागले. तेव्हा कुठे डिसेंबर २०२० मध्ये शंभराहून अधिक नव्या छटा आल्या. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे तिथेही खरेच.

पण माझा खरा आक्षेप स्वभावाच्या कल्पनेला आहे. खेळात गुण आधी येतात आणि जगणे नंतर. ही मांडणी आपल्याला नवी नाही. चातुर्वर्ण्य जन्मावर नसून गुणांवर आधारलेले आहे, असे सांगणारे पंडित येथे कालही होते, आजही आहेत. बाबासाहेबांनी १९३६ साली, लाहोरसाठी लिहिलेल्या पण कधीच न झालेल्या भाषणात, प्लेटोचा दाखला घेऊन या युक्तिवादाचा समाचार घेतला. माणसांना मोजक्या कप्प्यांत कोंबणारी दृष्टी माणसाकडे फार वरवर पाहते, असे त्यांनी दाखवून दिले. 'सिम्स'चे कप्पे चारच नाहीत हे मान्य. 'सिम्स ३' मध्ये साठाहून अधिक गुण होते, आणि ते कोणत्याही घरातल्या, कोणत्याही रंगाच्या माणसाला देता येत. हा फरक लहान नव्हे.

शिवाय २००९ च्या त्या 'सिम्स ३' मध्ये एक गोष्ट फार खरी होती. गरोदरपणात आई सुखात राहिली, तर बाळाचे गुण खेळणाऱ्याला निवडता येत. तिचे हाल झाले, तर खेळ ते आपल्या मर्जीने ठरवी. पुढे मुलाचा शाळेतला अभ्यास चांगला झाला, तर वाढत्या वयातला नवा गुणही निवडता येई. परिस्थितीने माणसाची निवड कशी आखडते, हे इतक्या साधेपणाने सांगणारी कथा मराठीतही शोधावी लागेल. 'सिम्स ४' मध्ये मात्र प्रौढ माणसाला तीन गुण लावायचे की झाले.

त्या तीन जागांत मी माझे वडील बसवू पाहिले. नगरपालिकेत सफाई कामगार म्हणून ते निवृत्त झाले. पहिला गुण 'नीटनेटका' घ्यावा असे ठरवले, कारण कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत, आणि त्यांच्या सदऱ्याची घडी कधी मोडलेली मी पाहिली नाही. पण खेळात नीटनेटक्या माणसाला साफसफाई करताना आनंद होतो. नाही घ्यावा, तर त्याच्या उलट 'गबाळा' हा गुण आहे, त्या माणसाला भोवतालच्या घाणीचे काहीच वाटत नाही. माझा हात तिथेच थांबला. वडिलांविषयी ही दोन्ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकली होती. 'ह्यांना ते काम जमतं, आवडतं', आणि 'ह्यांना वासाचं काही वाटत नाही, सवय असते'. मनोरंजनासाठी केलेल्या यादीत हे दोन निरुपद्रवी शब्द आहेत. येथे त्याच शब्दांनी माणसे पिढ्यानपिढ्या गटारात उतरवली. वडिलांना कामाचा आनंद नव्हता आणि घाणीची किळस होती, तरी ते काम करीत होते, कारण घरी आम्ही चौघे होतो. हे लिहायला त्या यादीत रकाना नाही. तो अमेरिकेतल्या कोणा रचनाकाराने करावा, अशी माझी मागणीही नाही. जातीचा रकाना तर मुळीच नको.

शेवटी 'नीटनेटका'च घेतला. मी ते पात्र वडिलांना दाखवले. पडद्यावरचा माणूस जेवण झाल्यावर ताटे उचलून धूत होता. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"हा कुणाचं साफ करतो?"

"त्याच्याच घरचं, आबा."

"मग असू दे," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.