मोटारीतील मोबाईल चार्जरची सुरक्षितता व भारतीय मानके : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक : पुणे हे वाहनचाचणीचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था कोथरूड परिसरातील टेकडीवर असून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या वाहनाच्या आद्य नमुन्याची तपासणी करणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो. मात्र वाहन रस्त्यावर आल्यानंतर मालक बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून वा नाना पेठेतून जो चार्जर विकत आणतो, तो कोणत्या कसोटीला उतरला आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या तपासणीत सापडत नाही. अ‍ॅपवर भाडे मिळवणाऱ्या टॅक्सीचालकाचा फोन दिवसभर याच चार्जरवर चालतो, हे लक्षात घेता प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

विषय-विवेचन : मोटारीचा सॉकेट बारा व्होल्टचा म्हटला जातो, ते केवळ सोयीचे नाव होय. इंजिन चालू असताना तेथे सुमारे १४ व्होल्ट असतात. अल्टरनेटर भार पुरवीत असताना बॅटरीची जोडणी निसटली, तर संरक्षण नसलेल्या यंत्रणेत क्षणभर ८० ते १०० व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते. अभियंते हिला 'लोड डम्प' म्हणतात. ट्रकमध्ये मूळ दाबच २४ व्होल्टचा असतो. हा चढउतार सोसून फोनला स्थिर ५ व्होल्ट देणे हे चार्जरमधील लहानशा परिपथाचे काम आहे. उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवरील तापमान त्यात आणखी भर घालते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सॉकेटला फ्यूज असतो, म्हणून धोका नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. हा फ्यूज साधारणतः १० ते २० अँपियरचा असून तो मोटारीतील तारेच्या रक्षणासाठी असतो. चार्जरमधील बिघडलेला घटक ४ अँपियर प्रवाह ओढू लागला, तर सुमारे ५० वॅट उष्णता मुठीएवढ्या प्लास्टिकच्या पोटात निर्माण होते आणि फ्यूज अबाधित राहतो. प्रयोगशाळेतील साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, एवढे सांगितले तरी पुरे.

भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला व २०२१ मध्ये तो नव्याने काढण्यात आला. त्याच्या यादीत पॉवर अ‍ॅडॅप्टर आहे. मोटारीतील चार्जरचा स्वतंत्र नामोल्लेख नाही. तो तेथे ओढूनताणून बसवला तरी अडचण संपत नाही. ज्या आयएस १३२५२ मानकावर ही नोंदणी प्रारंभी उभी राहिली, त्याचे मोठे लक्ष २३० व्होल्टच्या विजेच्या धक्क्यापासून संरक्षणावर आहे. मोटारीत धक्क्याचे भय नगण्य, भय आहे ते उष्णतेचे. भारतीय मानक ब्युरोनेही स्वीकारलेले आयईसी ६२३६८-१ हे मानक ऊर्जास्रोताचे वर्गीकरण करते व १०० वॅटपेक्षा अधिक शक्ती देऊ शकणारा स्रोत सर्वांत वरच्या वर्गात ठेवते. दहा अँपियरच्या फ्यूजचा सॉकेटही १२० वॅट देतो. ही दृष्टी प्रस्तुत विषयाला अधिक जवळची आहे.

दुसरीकडे विद्युतचुंबकीय सुसंगतीसाठी एआयएस-००४ (भाग ३) हे मानक आहे. तथापि मान्यता वाहनाला मूळ रूपात मिळते. पुढे सॉकेटमध्ये काय खोचले जाईल, हे त्या प्रमाणपत्राला ठाऊक नसते. चार्जर लावताच एफएम खरखरू लागला, तर गाळणीचे घटक वगळून पैसे वाचवले असल्याची शंका घ्यावी. बहुतेकजण रेडिओलाच दोष देतात!

म्हणून सरसकट ई-चिन्हाची सक्ती करावी काय? युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशाने वाहनात बसणाऱ्या विद्युत उपकरणांना तशी सक्ती केली होती. २००४ च्या निर्देशाने वाहनाच्या सुरक्षित नियंत्रणाशी संबंध नसलेल्या जोड-उपकरणांना तीतून मोकळे केले. तो अनुभव पाहता सक्तीची व्याप्ती वाढवण्यापेक्षा नोंदणीच्या यादीत मोटार-चार्जरची वेगळी नोंद करून लोड डम्प, दीर्घकाळचा अतिभार व चार्जरच्या अंगचा फ्यूज या तीनच कसोट्या लावणे अधिक व्यवहार्य ठरेल. वेष्टनावरील 'सीई' चिन्हावर मात्र विसंबू नये. ते बव्हंशी निर्मात्याचे स्वयंघोषित चिन्ह असून भारतीय नोंदणीची जागा घेत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम ८६ नुसार निर्मात्याची ओळख पटत नसेल, तर विक्रेत्यावर उत्पादनाची जबाबदारी येऊ शकते. निनावी चार्जरच्या बाबतीत ही तरतूद मोलाची आहे. परंतु तिचा आधार घेण्यास खरेदीचा पुरावा हवा आणि स्वस्त चार्जरची पावती सहसा ना मागितली जाते, ना दिली जाते. शिवाय आग लागलीच तर पहिला जळतो तो चार्जर. मग पंचनाम्यात 'शॉर्ट सर्किट' या दोन शब्दांपलीकडे नोंदवण्याजोगे फारसे काही उरत नाही.