मारबत आणि महामारी : कोरोनाच्या प्रारंभकाळातील नागपूरच्या लोकमानसाची चिकित्सा

प्रस्तावना :

साथीचा रोग हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नसतो. रोगाच्या काळात समाज कोणती भाषा बोलतो, कोणती प्रतीके वापरतो आणि दोष कोणाच्या माथी मारतो, यावरून त्या समाजाच्या मनाची घडण कळून येते. कोरोनाच्या साथीत शासनाने काय केले, रुग्णालये कोठे अपुरी पडली, अर्थव्यवस्थेची हानी किती झाली, यांविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. त्या मानाने लोकमानसाच्या प्रतिसादाची चिकित्सा कमी झाली. प्रस्तुत लेखात मार्च ते सप्टेंबर २०२० या काळातील नागपूर शहराचा विचार त्या दृष्टीने करावयाचा आहे. 'रोग बाहेरचा आहे व त्याला बाहेर घालवावयाचे आहे' ही भूमिका या काळात ठळकपणे दिसते. तिचे मूळ परंपरेत कोठे सापडते आणि ती त्या परंपरेपासून कोठे ढळली, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

१. मारबत : रोग घालविण्याचे लोकरूप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबतीची मिरवणूक वाचकांच्या परिचयाची आहे. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून व पिवळ्या मारबतीची १८८५ पासून सांगितली जाते. इतवारी, जगनाथ बुधवारी या जुन्या वस्त्यांतून हे पुतळे निघतात. इडापीडा आणि रोगराई सोबत घेऊन जाण्याची विनवणी लोक मारबतीला मोठ्या आरोळीने करतात व अखेरीस पुतळ्याचे दहन होते. मारबतीसोबत निघणारे बडगे महागाई, भ्रष्टाचार आणि सत्ताधाऱ्यांचे वर्तन यांवर टीका करतात.

या लोकरूपाची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, रोगाचे ओझे येथे पुतळ्यावर टाकले जाते, माणसावर नाही. दुसरे असे की, घालवावयाची पीडा आपल्याच घरातील व गल्लीतील आहे, हे त्यात गृहीत असते. मारबत परक्या गावाहून येत नाही. ती आपल्याच वस्तीत घडविली जाते आणि आपल्याच दारावरून जाते. म्हणजेच या विधीत एक प्रकारचे आत्मपरीक्षण दडलेले आहे.

२. घोषणा, टाळ्या आणि शाई

कोरोनाच्या प्रारंभी देशभर जे सार्वजनिक विधी झाले त्यांची ठेवण मारबतीच्या ठेवणीशी मिळतीजुळती होती. केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांची 'गो कोरोना' ही घोषणा मार्च २०२० मध्ये सर्वतोमुखी झाली. तिची पुष्कळ थट्टा झाली. तथापि, रोगाला आवाज देऊन निघून जाण्यास सांगणे ही आपल्या लोकपरंपरेस अपरिचित गोष्ट नव्हती. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूत सायंकाळी पाच वाजता वाजलेल्या टाळ्या-थाळ्या आणि ५ एप्रिलच्या रात्री नऊ मिनिटे लावलेले दिवे यांतही सामूहिक विधीची गरज व्यक्त झाली. टाळ्यांचा हेतू आरोग्यसेवकांविषयी कृतज्ञता व्यक्त करणे हा होता. परंतु कित्येकांनी त्यास रोगनिवारणाच्या उपायाचे रूप दिले. भयग्रस्त समाजाला विधी लागतो, म्हणून केवळ विधी केल्याबद्दल लोकांस हसणे योग्य होणार नाही. प्रश्न विधीनंतरच्या वर्तनाचा आहे.

या वर्तनातील विसंगती लवकरच प्रकट झाली. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या त्याच डॉक्टरांना व परिचारिकांना भाड्याची घरे सोडण्यास सांगितल्याच्या तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आल्या. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षेची तरतूद करणारा अध्यादेश २२ एप्रिल २०२० रोजी काढावा लागला. ज्याला 'योद्धा' म्हटले त्याच्या जखमेची जबाबदारी घेण्यास समाज तयार नव्हता, असा याचा अर्थ होतो.

दुसरे उदाहरण शाईचे आहे. गृहविलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्चच्या मध्यास घेतला. त्यामागील प्रशासकीय हेतू समजण्याजोगा होता. परंतु मतदाराच्या बोटावर जी न पुसणारी शाई नागरिकत्वाची खूण असते, तीच येथे संशयाची खूण झाली. याच सुमारास मेयो रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षातून काही संशयित रुग्ण निघून गेल्याची बातमी देशभर गाजली. त्यांच्या बेजबाबदारपणावर बोलणारे पुष्कळ होते. लोक रोगापेक्षा विलगीकरणालाच का भितात, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

३. विमानतळापासून सतरंजीपुऱ्यापर्यंत

नागपुरातील पहिल्या रुग्णाचे निदान ११ मार्च २०२० रोजी झाले. ही व्यक्ती अमेरिकेहून परतली होती. त्यापूर्वी दोनच दिवस पुण्यात सापडलेले राज्यातील पहिले रुग्णही परदेश प्रवासाहून आलेले होते. रोग विमानाने आला, हे उघड होते. असे असूनही त्याचा भौगोलिक पत्ता शहराच्या मनात विमानतळाशी किंवा सुस्थित वसाहतींशी जोडला गेला नाही. एप्रिलच्या प्रारंभी शहरातील पहिला मृत्यू सतरंजीपुऱ्यातील रुग्णाचा झाला आणि त्यानंतर सतरंजीपुरा, मोमिनपुरा व पुढे नाईक तलाव-बांगलादेश ही नावे रोगाच्या नावासारखी उच्चारली जाऊ लागली. 'हॉटस्पॉट' हा साथरोगशास्त्रातील शब्द. संसर्ग कोठे अधिक आहे एवढेच तो सांगतो. बोलीत मात्र तो वस्तीच्या स्वभावाचे वर्णन बनला.

तत्कालीन महापालिका आयुक्त तुकाराम मुंढे यांनी सतरंजीपुऱ्यातील शेकडो रहिवाशांना संस्थात्मक विलगीकरणात हलविले. दाट वस्ती, लहान घरे आणि सामाईक नळ-शौचालये असलेल्या ठिकाणी घरातल्या घरात अंतर राखणे शक्य नव्हते, त्यामुळे या निर्णयास शास्त्रीय आधार होता. त्यावर टीका झाली तशी त्याचे समर्थनही झाले. येथे आक्षेप निर्णयावर नाही. रहिवाशांना नेणाऱ्या बसगाड्यांकडे उर्वरित शहराने ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेवर आहे. दाट वस्ती हा नगररचनेचा व दारिद्र्याचा परिणाम आहे, वस्तीतील लोकांच्या बेफिकिरीचा नाही, हे विसरले गेले. पुतळ्याच्या जागी माणसे आली ती येथे.

मार्चअखेर दिल्लीतील निजामुद्दीन मरकजचे प्रकरण समोर आल्यावर या नजरेस धार्मिक रंग चढला. पुढे न्यायालयांनी या प्रकरणांची छाननी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, अशा आशयाचे निरीक्षण नोंदविले. नागपूर खंडपीठानेही सप्टेंबरमध्ये म्यानमारच्या आठ नागरिकांवरील गुन्हा रद्द केला. न्यायालयात दोष उरला नाही. तथापि, एप्रिलमध्ये झालेला बोभाटा जितक्या दूर गेला तितक्या दूर हे निर्णय पोहोचले नाहीत.

४. 'सामाजिक अंतर' : एका शब्दाची चिकित्सा

या काळातील सर्वाधिक उच्चारला गेलेला शब्दप्रयोग म्हणजे 'सामाजिक अंतर'. इंग्रजी संज्ञेचे हे शब्दशः भाषांतर. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' ही संज्ञा पसंत केली. शासकीय फलकांवर आणि सार्वजनिक घोषणांत मात्र जुनाच शब्द पुढे चालू राहिला. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, त्या शहरात तरी हा शब्द अडखळल्याविना उच्चारता येऊ नये. सामाजिक अंतराचा आपल्याकडील इतिहास आरोग्याचा नाही, अस्पृश्यतेचा आहे. स्पर्श टाळण्याची, पाणवठा वेगळा ठेवण्याची सवय येथे विषाणूच्या कितीतरी आधीची आहे. नवा नियम त्या जुन्या सवयीच्या शब्दांत सांगितल्यामुळे घरकाम करणाऱ्या स्त्रिया, सफाई कामगार व भाजीविक्रेते यांना दूर ठेवण्यास प्रतिष्ठा लाभली.

याच्या उलट, ज्यांनी शारीरिक अंतर पाळून सामाजिक जवळीक राखली त्यांची नोंद घेतली पाहिजे. १४ एप्रिल २०२० रोजी आंबेडकर जयंती घरोघरी साजरी झाली, आणि त्या वर्षी दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द करण्यात आला. ज्या समूहाच्या भावविश्वात दीक्षाभूमीचे स्थान एवढे मोठे आहे, त्याने हा संयम दाखविला. मे महिन्यात वर्धा मार्गावरील पांजरी नाक्यावर देशाच्या चारही दिशांना निघालेल्या श्रमिकांना अन्न, पाणी व चपला देणारे नागपूरकरही याच शहराचे होते. देशाच्या मध्यावरील या शहरातून उत्तर-दक्षिण महामार्ग जातो, त्यामुळे परप्रांतीयांचे हाल येथे प्रत्यक्ष दिसले. ज्यांना ते दिसले त्यांतील अनेकांची भूमिका बदलली. दूरच्या माणसाविषयीचा संशय जवळ गेल्याने ओसरतो, याचा हा पुरावा मानता येईल.

५. प्लेगचा विस्मृत धडा

मार्च २०२० मध्ये शासनाने लागू केलेला साथरोग कायदा १८९७ चा, म्हणजे प्लेगच्या काळातील आहे. कायदा आठवला, त्या काळाचा अनुभव मात्र आठवला नाही. पुण्यात घरोघर शिरून केलेल्या सक्तीच्या तपासणीने जो रोष निर्माण झाला त्याची परिणती रँडच्या हत्येत झाली. त्याच पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी मृत्यू आला. एकाच साथीत सक्ती आणि सेवा अशी दोन प्रतिमाने आपल्यासमोर उभी राहिली. नागपूरलाही प्लेग नवा नव्हता; डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांचे मातापिता १९०२ मध्ये येथेच प्लेगने गेले. अशी स्मृती असलेल्या शहराला रोग पत्ता विचारून येत नाही, हे ठाऊक असावयास हवे होते.

समारोप :

ऑगस्ट २०२० मध्ये मारबतीची मिरवणूक नेहमीप्रमाणे निघू शकली नाही. रोगराई घालविण्याचा उत्सव रोगराईमुळेच थांबला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये संसर्ग शहराच्या सर्व झोनमध्ये पसरला आणि एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत खाटा व प्राणवायू यांसाठी सर्व थरांतील नागरिकांस वणवण करावी लागली. तेव्हा कोणत्याही एका वस्तीचे नाव रोगाला देणे शक्य राहिले नाही. दोषारोप थांबला तो विचाराने नव्हे, आकड्यांनी.

म्हणूनच हा प्रश्न मिटला असे मानता येत नाही. पुढील साथीत पहिला पत्ता पुन्हा एखाद्या गरीब वस्तीचा लिहिला जाण्याचा संभव कायम आहे. महाविद्यालयीन अध्यापकांपुढील काम त्यातून स्पष्ट होते. सतरंजीपुरा व मोमिनपुरा येथील रहिवाशांच्या विलगीकरणाच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदविल्या गेल्या पाहिजेत, साथीची परिभाषा मराठीत घडविताना भाषा विभागांचे मत घेतले गेले पाहिजे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आरोग्यशिक्षणाबरोबर कलंकनिवारणाचाही विचार व्हावयास हवा. मारबत जाळणाऱ्या पूर्वजांना विषाणू ठाऊक नव्हता, परंतु जाळावयाचा तो पुतळा हे त्यांना ठाऊक होते. विषाणू ठाऊक असलेल्या पिढीने एवढे भान तरी राखणे अगत्याचे आहे.