‘मागणी’चे दोन अर्थ आणि केन्सचा सिद्धान्त

मराठीत मजूर कामाची मागणी करतो आणि बाजारात ज्वारीला मागणी असते. पहिल्या प्रयोगात हक्काची वा याचनेची छटा आहे. दुसऱ्यात मागणाऱ्याच्या हाती पैसा नसेल तर शब्दाला अर्थच उरत नाही. (मुलीला घालावयाची मागणी येथे बाजूस ठेवू.) केन्सने १९३६ च्या ग्रंथात ज्या परिणामकारक मागणीचा विचार केला, ती ही दुसरी. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेस केन्सच्या विचाराचे फळ म्हणणारे विवेचन या दोन अर्थांची गल्लत करते, असे मला वाटते. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्रात पाहुणा आहे. पण ही गल्लत केवळ शब्दांपुरती राहिलेली नाही.

केन्सपुढील इंग्लंडात मजूर रिकामे होते, तसे कारखानेही बंद होते. पैसा खेळू लागताच माल निघू शकत होता. शेतीप्रधान देशात तसे घडत नाही, तेथे वाढीव खर्चाने उत्पादनापेक्षा किमतीच वाढतात, हे व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली दाखविले. तरीही दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत ४,८०० कोटींच्या सरकारी खर्चापैकी १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून उभे करावयाचे ठरले. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये भिन्नमतपत्रिका जोडली. मुंबई विद्यापीठाचे वकील आणि ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये सांगितले की, रोजगार वाढवावयाचा तर आधी मजुराच्या उपभोगाचे धान्य आणि कापड हवे. योजनाकारांनी मार्ग बदलला नाही.

या युक्तिवादाची सत्यता गंगापूर तालुक्यातील वृद्धांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात येथे हात रिकामे होते आणि जमीनही रिकामी होती. खडी फोडून मिळालेल्या मजुरीने शिवारात नसलेली ज्वारी निर्माण होणार नव्हती. माणसे जगली ती मजुरीबरोबर बाहेरून आलेला मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी यांवर. लोकांच्या आठवणीत त्या वर्षाची मजुरी क्वचितच येते. सुकडी हटकून येते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, १९७७ च्या कायद्याने स्थिर झालेली योजना तर केन्सपासून आणखीच दूर आहे. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला. म्हणजे नोकरदाराची क्रयशक्ती काढून मजुरास दिली गेली. केन्सने, अन्य काही सुचत नसेल तर, नोटा भरलेल्या बाटल्या जुन्या खाणींत पुरून त्या उकरण्याचे काम द्यावे, असे उपरोधाने लिहिले होते. आपल्या कायद्याने मात्र काम उत्पादकच असावे, अशी अट घातली.

बेकार मनुष्य स्वतःच्या आळसामुळेच बेकार असतो हा समज केन्सने मोडला. ते ऋण मोठे आहे. पण पाझर तलावाची योजना ‘मागणी वाढविण्याची’ ठरली की खर्चाचा आकडा हेच तिचे फलित मानले जाते आणि तलावात पाणी थांबले की नाही, हे विचारावयाचे राहून जाते. निदान पाठ्यपुस्तकांनी तरी केन्सच्या संज्ञेसाठी ‘क्रयमागणी’ हा शब्द योजावा. तो कानास थोडा जड लागेल खरा.