मायना, मोर्तब आणि दस्तक

मराठी समीक्षेने बखर वाचली, पोवाडा वाचला, अभंग तर पिढ्यान्‌पिढ्या वाचले. पत्र मात्र तिने इतिहास संशोधकांच्या हवाली केले. पत्रातून तारीख घ्यायची, लढाईचा तपशील घ्यायचा आणि मायना व शेवट टरफलासारखा टाकून द्यायचा, असा रिवाज पडून गेला. आमच्या मते ते टरफल नाही. एका दरबाराने दुसऱ्याला काय म्हणून संबोधले, मोहर कागदाच्या माथ्यावर उमटवली की पाठीवर, आज्ञा केली की विनंती केली, यातच निम्मे राजकारण होऊन जात असे. त्या लेखनाचा अदब कुणी घडवला, हा प्रश्न मराठी मुसलमानांच्या दृष्टीने तर अधिकच महत्त्वाचा आहे. कारण या पत्रांच्याच आधारे आमची भाषा परकी ठरवली गेली आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी केलेली शब्दांची मोजणी प्रसिद्ध आहे. १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांतील एकेक पत्र घेऊन त्यांनी मराठी आणि फार्सी शब्द वेगळे केले. पहिल्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४, दुसऱ्यात ६२.७ आणि तिसऱ्यात ९३.७ भरले. शंभर वर्षांत मराठी भाषा फार्सीच्या जोखडातून सुटली, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि शाळा-कॉलेजांतून तो आजही सांगितला जातो. राजवाड्यांचे कष्ट आणि त्यांचा व्यासंग यांबद्दल आम्हांला आदरच आहे. पण त्यांनी शब्द मोजले, पत्राची घडण मोजली नाही. समीक्षेचे काम इथून सुरू होते.

ही घडण आली कुठून, ते आधी पाहू. अरबी-फार्सी परंपरेत पत्रलेखनाच्या विद्येला इन्शा म्हणतात. तिची मुळे थेट सुरुवातीच्या काळात जातात. शेजारच्या राजांना पत्रे पाठवायची ठरली तेव्हा, मोहर नसलेले पत्र ते वाचत नाहीत असे कळल्यावरून, हजरत पैगंबरांनी चांदीची मोहरेची अंगठी करवून घेतली, ही हकीकत बुखारींच्या संग्रहात आहे. कुरआनातील सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान यांचे पत्र मिळताच सबाची राणी त्याला प्रतिष्ठित पत्र म्हणते. परक्याच्या रिवाजाचा मान राखून आपली गोष्ट सांगणे, हा इन्शाचा पहिला धडा.

दख्खनमध्ये या विद्येचा सर्वांत मोठा उस्ताद म्हणजे बहामनी वजीर महमूद गवान. इराणातील गिलानमधून आलेल्या या माणसाने बीदरला मदरसा बांधला, हे सर्वांना ठाऊक असते. त्याने ‘मनाजिरुल इन्शा’ हा पत्रलेखनशास्त्राचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पत्रांचा ‘रियाजुल इन्शा’ हा संग्रह आहे, हे मात्र फारसे कुणाला सांगितले जात नाही. तुर्कस्तानच्या सुलतानापर्यंत त्याचा पत्रव्यवहार होता. आमच्या वऱ्हाडशीही त्याचा संबंध येतो. त्याने मोठ्या सुभ्यांचे तुकडे केले तेव्हा वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. गाविलगडाकडचा भाग सांभाळणाऱ्या फतहुल्ला इमादुल्मुल्क याने पुढे १४९० साली इमादशाही उभी केली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरकडील ब्राह्मण घरातला, असे फरिश्ता सांगतो.

गवानचा शेवट पत्रानेच झाला. शत्रूंनी त्याची मोहर सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर ती उमटवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला. सुलतानाने मोहर ओळखली, मजकुराची शहानिशा केली नाही. १४८१ च्या एप्रिलमध्ये वृद्ध वजिराची गर्दन मारली गेली. पत्र कसे लिहावे हे ज्याने दख्खनला शिकवले, त्याचा जीव त्याने न लिहिलेल्या पत्रापायी गेला. शिष्टाचाराच्या मर्यादा इथे स्पष्ट दिसतात. मोहर खरी असली म्हणून कागद खरा ठरत नाही.

आता मराठी पत्राकडे वळू. ‘मायना’ हा शब्दच अरबीतून आलेला. बादशहाचे ते फर्मान, शहजाद्याचे निशान, बादशहाच्या हुकमावरून वजिराने लिहिलेले ते हस्बुल हुकूम, धाकट्याने थोरल्याला लिहायची ती अर्जदास्त. ही उतरंड मराठीने ऐकली, पचवली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा उभी केली. आज्ञापत्र, अभयपत्र, विनंतिपत्र अशा पायऱ्या लावल्या. ‘मशहुरुल अनाम’च्या जागी ‘राजमान्य राजश्री’ आले. ‘बिदानद’ची जागा ‘जाणिजे’ने घेतली. शब्द बदलले, पण थोराला काय म्हणायचे, बरोबरीच्याला काय, मुलुखातल्या पाटलाला काय, याची पायरी न पायरी कायम राहिली. पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ उमटतच राहिले. पेशवाईच्या अखेरपर्यंत मराठी कागदांवर सुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिला जाई आणि छ या खुणेपुढे चंद्राची तारीख व मुसलमानी महिना येई. रबिलावल आणि जमादिलाखर हे महिने शनिवारवाड्याच्या दफ्तराला परके नव्हते. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही तर आज मराठी घराण्यांची आडनावे आहेत. ९३.७ टक्क्यांच्या हिशेबात यातले काय धरायचे?

रघुनाथपंतांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’चेही असेच आहे. फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशात दहा वर्ग आहेत आणि त्यांपैकी एक खास लेखनवर्ग आहे. यवन भाषेवरचा बहिष्कार म्हणून त्याचा गौरव केला जातो. परंतु नीट वाचले तर तो कारभाराची आखलेली वाट मान्य करून तिच्यावरच्या पाट्या बदलतो, असे दिसते. स्वतंत्र राज्याने स्वतःच्या शब्दांत बोलावे, यात गैर काहीच नाही. मात्र पाटी बदलली म्हणून वाट कुणी आखली ते विसरावे, हे समीक्षेला शोभत नाही.

इथे आमच्याच लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. फार्सी म्हणजे मुसलमानांची दौलत, असे आमच्यातील काही मंडळी अभिमानाने सांगतात. हा दावा राजवाड्यांच्या निष्कर्षाचाच दुसरा चेहरा आहे. शाहजहानचा नामांकित मुनशी चंद्रभान ब्राह्मण होता. मिर्झाराजा जयसिंगाची पत्रे उदयराज मुनशीने लिहिली. जिझियाविरुद्ध औरंगजेबाला शिवाजी महाराजांच्या नावे गेलेले प्रसिद्ध फार्सी पत्र निळोप्रभूंच्या लेखणीतले, आणि महाराजांच्याच पदरी काजी हैदर हा पारसनीस होता. लेखणीला धर्म लावायचा तर या चौघांना कुठल्या रकान्यात बसवणार? शिवाय ही भाषा दरबाराची होती. विणकराला किंवा कुणब्याला, मग तो कलमा पढणारा असो वा विठोबाला हात जोडणारा, हा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. इन्शाचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही.

पत्राची खरी परीक्षा प्रवासात होते. दस्तक किंवा राहदारीचा परवाना म्हणजे राजाने वाटेतल्या चौकीदाराला लिहिलेले पत्रच. पुरंदरच्या तहानंतर १६६५ साली बादशाही फर्मान आले तेव्हा रिवाजाप्रमाणे शिवाजी महाराज पायी सामोरे गेले. पुढच्याच वर्षी आग्ऱ्यात नजरकैदेत असताना त्यांनी बरोबरच्या माणसांना परत पाठवायची परवानगी मागितली आणि दस्तके मिळवली. पहारेकऱ्यांनी कागद पाहून माणसे सोडली. अदब पाळणे म्हणजे शरण जाणे नव्हे, हे त्या ऑगस्टमध्ये बादशहालाही उमगले.

समुद्रावर पोर्तुगीजांचा कार्ताझ चाले. तो घेतल्याखेरीज हजचे जहाज सुखरूप जात नसे. त्यावर मेरी आणि येशू यांची चित्रे असत, म्हणून असा कागद घेऊन हज फर्ज राहत नाही, असा फतवा अकबराच्या काळी मखदूमुल्मुल्कांनी दिल्याचे बदायूनी लिहितो. लोकांनी फतवा बाजूला ठेवला, परवाना घेतला आणि हजला गेले. आणि १६१३ साली तोच परवाना जवळ असूनही पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ जहाज धरले. कागदाची किंमत देणाऱ्याच्या इमानाइतकीच असते, हे राजमातेलाही चुकले नाही. राजापेठेतून हजला निघणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांकडे एकेकाळी हजपुरता वेगळा पास असे. २००९ च्या हजपासून सर्वांसारखाच पासपोर्ट लागू लागला. वाटेवर कागद दाखवायची पाळी आली की त्यांना आजही तेवढीच धडधड होते. ती चारशे वर्षांची आहे.

वऱ्हाडात या साऱ्या लेखनव्यवहाराचा उत्तरार्ध घडला. अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव यांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावला भोसल्यांचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने वकील यशवंतराव रामचंद्र होते, समोर वेलस्ली. तेरा दिवसांनी अंजनगाव सुर्जीला शिंद्यांचा तह झाला. सेनासाहेब सुभा ही पदवी जशीच्या तशी राहिली, मुलूख गेला. कंपनीने फार्सीचा शिष्टाचार १८३७ पर्यंत चालवला आणि गरज संपताच कचेरीतून काढून टाकला. मायना उरला आणि राज्य गेले, हे आमच्या जिल्ह्याच्या मातीत लिहिलेले आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अचलपूर, बाळापूर, अमरावती येथील जुन्या घरांत सनदा, इनामपत्रे, काजीच्या वतनाचे कागद पेटीच्या तळाशी पडले आहेत. कोर्टाची तारीख लागली की ते बाहेर येतात, निकाल लागला की पुन्हा वाळवीच्या हवाली होतात. त्यांच्या एका बाजूला फार्सी, दुसऱ्या बाजूला मोडी असते. दोन्ही वाचणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली. आमच्या तरुण अभ्यासकांनी उर्दूच्या जोडीने मोडी शिकावी, मराठीच्या विद्यार्थ्यांनी फार्सीची तोंडओळख करून घ्यावी. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश तयार करून दिलेला आहे, त्यामुळे सुरुवात शून्यातून करायची नाही. हे कागद मिळकतीचा पुरावा म्हणून पुष्कळ वाचून झाले. आता ते मराठी गद्य म्हणून वाचले जावेत. तसे वाचले म्हणजे आम्ही या भाषेत कधी आलो, असा प्रश्न कुणी विचारणार नाही, कारण पहिल्या ओळीतल्या मायन्यापासून शेवटच्या मोर्तबापर्यंत आम्ही त्यात आहोतच.