कोरणीला कार्यवाह हवेत

राउटरवर कापलेली महिरप हा महाराष्ट्रातल्या लाकूडकामाला अलीकडच्या काळात जडलेला सर्वांत मोठा रोग आहे. पुणे–सोलापूर महामार्गाने यवत, वरवंड, पाटस असे पुढे जावे किंवा नगर रस्त्याने शिरूर गाठावे. हॉटेल असो, मंगल कार्यालय असो की नवे बांधलेले मंदिर, तीच कमान, तोच मोर, तेच कमळ, आणि कमळाच्या प्रत्येक पाकळीला तीच खोली. याला ‘पेशवाई थाट’ म्हणून खपवले जाते. पेशवाईत असले काही नव्हते.

दोष नेमका कुठे आहे हे सांगता येते. राउटरचे पाते गोल फिरते, त्यामुळे आतला कोपरा त्याला धारदार काढता येत नाही. तो कोपरा मागून पटाशीने साफ करायचा असतो. ती तसदी आता कोणी घेत नाही. तीन अक्षांवर चालणारे यंत्र वरून खाली उतरते. पानाच्या पोटाखाली शिरून ते पान मोकळे करणे त्याला जमत नाही. मुख्य म्हणजे लाकडाची रेषा कुठे वळली, गाठ कुठे आली, हे त्याला कळत नाही, आणि एमडीएफच्या फळीला तर रेषाच नसते. पुण्यात विश्रामबागवाड्याच्या मेघडंबरीखाली उभे राहून सुरूचे खांब आणि केळफुले नीट न्याहाळली, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या सुतारांनी सागवानाशी काय बोलणी केली होती ती वाचता येतात. रेषेच्या कलाने वळवलेले पान, उन्हाची तिरीप कुठून येणार हे ओळखून घेतलेली खोली, खालून पाहणाऱ्यासाठी थोडे पुढे काढलेले फुलाचे टोक. शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला आणि जुन्नरच्या जंगलातून आणलेले त्याचे सागवानही गेले; पण मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आहे, चांदवडचा रंगमहाल आहे, शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात पळशीचा वाडा आहे. नमुने डोळ्यांपुढे असताना संगणकातली तयार फाइल वापरली जाते, हे संतापजनक आहे.

तरीही सगळे खापर यंत्राच्या माथी मारून भागणार नाही. यंत्राने रिकामी जागा घेतली. ती रिकामी कशी झाली, आणि ती पुन्हा भरण्याचे काम कोणी बिनपगारी अंगावर घेतले, हा खरा प्रश्न आहे. राज्यातल्या कोरणीचा आढावा घ्यायचा तर कलाकृतींआधी या माणसांकडे पाहावे लागते.

मुंबईच्या काळ्या शिसवी फर्निचरचा गवगवा एकोणिसाव्या शतकात झाला आणि तिथेच संपला. आज तो लिलावघरांचा विषय आहे. नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल दरवर्षी अधिक मोठे आणि अधिक चकचकीत होतात, अधिक चांगले होत नाहीत. कलादालनांतली ‘काष्ठशिल्पे’ वाळलेल्या मुळांना पॉलिश चढवण्यापलीकडे क्वचितच जातात.

मेळघाटात कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळ्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरत आले. त्या फळ्या पाहिल्या की थोडक्यात किती सांगता येते ते समजते. पण याच मेळघाटात संघटनेचे जे मोठे काम उभे राहिले ते बांबूचे. सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र काढले, कोरकू कारागिरांना शिकवले, माल घेऊन बाजारात उभे केले. 2017 मध्ये वन कायद्यात बदल होऊन वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर पडला, तेव्हा त्याचा लाभ घ्यायला तयार माणसे आधीपासून होती. सागाच्या वाट्याला अशी माणसे आली नाहीत. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. ती मिळवून देणारा, अर्ज लिहून देणारा, कारागिराच्या बाजूने वनखात्याशी बोलणारा संघ नसेल तर एकटा सुतार जुन्या वाड्यांचे पाडकाम शोधत हिंडतो. पुण्याच्या पेठांतले वाडे उतरवले जातात, त्यांतले कोरीव खांब जुन्या बाजारात जातात, आणि ज्यांना गिऱ्हाईक मिळत नाही ते करवतीखाली जाऊन फळ्या होतात.

कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या, सगळे त्यांनी तिथे जपले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाकडी बाहुलीचा चेहरा कोरताना नाकाची धार किती ठेवायची, हे दिव्याच्या उजेडात तो चेहरा कसा दिसणार यावर ठरते. ही समज पुस्तकात मिळत नाही, ती घरात बसून हाताखालीच मिळते. गंगावण्यांनी ते घर सगळ्यांसाठी उघडे ठेवले, यात त्यांचे मोठेपण आहे.

पण या क्षेत्रात सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण सावंतवाडीचे आहे, आणि त्यावर रेंगाळणे भाग आहे. तिथल्या चितार आळीतली पांगाऱ्याची फळे, भाज्या, खेळणी घराघरांत पोचलेली होती; हाताने रंगवलेल्या पत्त्यांची गंजिफा मात्र जवळजवळ संपली होती. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते रंगवू शकणारे वृद्ध पुंडलिक चितारी उरले होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी त्यांच्याकडे स्वतः शिकायला बसले. संस्थानाचा एकेकाळचा राजा आणि त्याची पत्नी कारागिरापुढे विद्यार्थी म्हणून बसतात, हा त्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पर्यटन पुस्तिकांत तो अर्ध्या ओळीत संपतो. त्यानंतर राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कार्यशाळा बसली. गंजिफेबरोबर लाखकामाचे पाट, चौरंग, पेट्या, फर्निचर सुरू झाले. शिवरामराजे आमदारही होते. 1995 मध्ये ते गेले. सत्वशीलादेवींनी ती कार्यशाळा 2018 मध्ये निधन होईपर्यंत सांभाळली. रंग कुठला वापरायचा, रेघ किती बारीक ओढायची, कोणती वस्तू परत करायची, हे त्या ठरवत. कलेची जाण असलेला संघटक काय करू शकतो याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही.

दुसरे नाव पुण्यातले, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली आणि 1975 मध्ये आपला संग्रह शासनाच्या हाती दिला. आज केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतले दरवाजे, गणेशपट्ट्या, झरोके आणि कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल यांनी किती कोरणी चुलीत जाण्यापासून वाचवली याचा हिशेब करणे कठीण. पण संग्रहालय दरवाजा वाचवते, सुताराला वाचवत नाही. केळकरांकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यानंतर ते काम उचलायला कोणी पुढे आले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

सावंतवाडीला राजवाडा होता, पुण्याला केळकर होते. दौंड तालुक्यातल्या पाटसला दोन्ही नाही. महाराष्ट्रातली बहुतेक गावे पाटससारखी आहेत, म्हणून खरा प्रश्न पाटसचा आहे. इथल्या सुताराचा हात पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीच्या चाकावर, तिफणीवर, कुळवावर, घराच्या चौकटीवर तयार झाला. तुंबा, आरे, पुठ्ठे बसवणे हे अचूकतेचे काम होते. भीमा साखर कारखान्याच्या परिसरात उसाच्या गाड्यांना टायर आले, मग ट्रॅक्टर आले, आणि चाकाचे काम गेले. वाकस, किंकरे, पटाशी असलेले घर प्लायवूडच्या कपाटांकडे वळले. त्यात त्या घराचा दोष नाही. ज्या हाताला चौकटीवर वेल काढता येत होती त्याला ती काढायला कोणी सांगितले नाही, आणि त्या वेलीचे योग्य मोल देणारे गिऱ्हाईक कोणी आणून दिले नाही.

हे काम संघ करतो. अमेरिकेत लाकूड कोरणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना 1953 मध्ये स्थापन झाली. ‘चिप चॅट्स’ हे तिचे नियतकालिक सिनसिनाटीच्या एडवर्ड गॅलेनस्टीन यांनी वर्षानुवर्षे संपादित केले. अशा संघटनांच्या आसपास स्थानिक मंडळे चालतात ती स्वयंसेवकांवर: कोणी वर्गाची खोली मिळवतो, कोणी नवख्याला पटाशीला धार लावायला शिकवतो, कोणी हिशेब ठेवतो. मराठी माणसाला यात नवे काय आहे? ग्रंथकार संमेलन 1878 चे, पूना गायन समाज 1874 चा, नाट्य परिषद 1905 ची, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चे. बिनपगारी कार्यवाह ही या समाजाची जुनी कमाई आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी वरवंडच्या मुक्कामाहून निघते, पाटसमार्गे रोटी घाट चढते; त्या वाटेवर दिंड्यांची शिस्त, पाणी, जेवण, मुक्काम हे सगळे स्वयंसेवेने चालते. एवढी संघटनशक्ती ज्या गावाच्या दारातून दरवर्षी जाते, त्या गावाला रविवारी दहा मुलांचा कोरणीचा वर्ग चालवणे जमू नये, हे पटण्यासारखे नाही.

कारण वेगळे आहे, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या कला शिकलेल्या वर्गाने स्वतः हाती घेतल्या त्यांना संस्था मिळाल्या. ज्या बलुतेदारांच्या हाती राहिल्या त्यांना प्रदर्शनातला गाळा मिळाला. गाण्याचेच पाहा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. 1931 मध्ये त्याचे अखिल भारतीय मंडळ उभे राहिले आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षांची शिडी तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. गाणे खालच्या दर्जाचे समजले जात होते, तिथून ते मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात आले. गाण्याची मागणी वाढली तशी मिरजेत शिकलगार घराण्यांनी सतार आणि तानपुऱ्याचा व्यवसाय वाढवला. तेच कारागीर पुढे एकत्र आले, त्यांनी संस्था नोंदवल्या, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. संघटना असली की सरकारी कागदही कामाचा ठरतो.

नसली की काय होते ते पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत दिसते. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली. अठरा व्यवसाय, प्रशिक्षणात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपये, दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. त्या अठरात सुतार आहे, खेळणी करणारा आहे, दगड घडवणारा आहे. लाकूड कोरणारा वेगळा नाही. तो ‘सुतार’ या एका शब्दाखाली प्लायवूड कापणाऱ्याच्या शेजारी उभा केला जातो. त्याचा अभ्यासक्रम वेगळा, अवजारे वेगळी, कामाला लागणारा वेळ वेगळा, हे दिल्लीला सांगणारा आवाज नव्हता. विश्वकर्मा जयंतीला मिरवणुका निघतात, जातसंस्था वधू-वर मेळावे भरवतात. ती त्यांची कामे आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण जातीचा संघ आणि कलेचा संघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलेच्या संघात मुस्लिम कारागीर असेल, चितारी असेल, कोरकू असेल, निवृत्त शिक्षिका असेल, दौंडच्या रेल्वे वसाहतीतली शाळकरी मुलगी असेल. मुलींना पटाशी न देण्याची रीत तर पहिल्या दिवशी मोडायला हवी. चितार आळीत बायकांचे हात खेळण्यांवर कधीपासून चालतात.

सरकारनेच वर्ग काढावेत, असे उत्तर लगेच येते. 1891 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाल्या, त्यांत लाकडावरची कोरणीही होती. त्या मुंबईतच राहिल्या, दौंडपर्यंत पोचल्या नाहीत. शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा होतात, त्यांत संकल्पचित्र असते, पटाशी नसते. आयटीआय सुतार घडवते, कोरणारा घडवत नाही. शासनाला जे शंभर वर्षांत जमले नाही ते आणखी शंभर वर्षे मागत बसण्यापेक्षा शिरूर–दौंडच्या लोकांनी स्वतः संघ काढावा. अध्यक्ष आमदार नसावा, कारखान्याचा संचालक नसावा. पटाशीला धार लावता येणारा माणूस असावा. परीक्षांची शिडी गांधर्व मंडळासारखी आखावी: पहिल्या पायरीला सरळ खाच आणि चौकटीची नक्षी, मग उठावातले पान, मग पोकळ कोरणी, शेवटी देव्हारा किंवा गणेशपट्टी. गावातल्या ज्या म्हाताऱ्या सुताराला हे सगळे येते त्याला परीक्षक करावे आणि मानधन द्यावे.

आणि मंदिर समित्यांशी भांडावे. नव्या मंदिराच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे रकमेसह असतात. दार कोणी कोरले हे कुठेच नसते. संघाने पहिल्याच वर्षी एवढे एक मान्य करून घ्यावे: कोरणाऱ्याचे नाव आणि गाव त्या दारावर कोरायचे, आणि दार यंत्रावर कापलेले असेल तर तेही तिथेच लिहायचे. लाखो रुपये मोजणाऱ्या भाविकांना आपण हाताचे काम घेतले की फाइल, हे कळण्याचा हक्क आहे, आणि ज्याने चार महिने बसून कमळाची पाकळी मोकळी केली त्याला त्या दारावर नाव असण्याचा.