भोळी वेळ, जाणती वेळ

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अगं, तुमचं घड्याळ मागे गेलं ना? म्हणजे आता साडेनऊचं साडेदहा झालं?" तिला अमेरिकेचा पूर्व किनारा आणि पुणे यांच्यातलं अंतर म्हणायचं असतं. तुम्ही अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहत असाल तर हा हिशेब तुमच्याही घरात वर्षातून दोनदा होतो. दुबईकरांना ही कटकट नाही, त्यांचा दीड तास बारा महिने दीड तासच राहतो.

आईला जे एका वाक्यात कळतं, ते पायथन या भाषेच्या 'डेटटाइम' विभागाला का कळत नाही, याबद्दल मला आज लिहायचं आहे. पुस्तकाचं किंवा नाटकाचं परीक्षण लिहितात तसंच हे एका प्रोग्रॅमिंग लायब्ररीचं परीक्षण समजा. तिचे वाचक-प्रेक्षक कोणत्याही नाटकापेक्षा जास्त आहेत, आणि बहुतेकांना आपण ती वापरतोय हे माहीतही नसतं.

मी झोपेवर संशोधन करते. स्वयंसेवकांच्या मनगटावरच्या यंत्रांतून ते कधी झोपले, कधी उठले याच्या नोंदी येतात, आणि एका वेळेतून दुसरी वजा करणं हे माझं रोजचं काम. २०२४ च्या २ नोव्हेंबरच्या रात्री घड्याळं एक तास मागे जायची होती, म्हणजे रात्री एक ते दोन हा तास दोनदा येणार होता. रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठलेल्या माणसाची झोप त्या रात्री नऊ तासांची होते. माझ्या तक्त्यात ती आठ तासांची होती. सगळ्यांचीच तशी, एक तास कमी. त्यावरून मी एक छानसा निष्कर्षही काढला होता, की बोनस मिळालेला तास लोक झोपेत घालवत नाहीत. मसुदा लिहून झाला होता, आलेख काढून झाले होते, आणि खरं सांगायचं तर तो निष्कर्ष मला आवडलाही होता.

एकाच स्वयंसेविकेची झोप नऊ तास दिसत होती. ती नुकतीच भारतातून परतली होती आणि तिच्या यंत्राची सेटिंग भारतीय वेळेवरच राहिली होती. चुकीच्या सेटिंगची म्हणून मी तिची नोंद वगळणार होते. प्रत्यक्षात अख्ख्या तक्त्यात बरोबर मोजलेली झोप तेवढी एकच होती.

हे कसं होतं ते सांगते, कारण टीकेचा मुख्य मुद्दा इथेच आहे. पायथनमध्ये वेळ दोन प्रकारची असते. एकीला टाइमझोन माहीत नसतो, तिला 'नाइव्ह' म्हणतात. आपण तिला भोळी म्हणू. दुसरीला तो माहीत असतो, ती 'अवेअर', म्हणजे जाणती. माझ्या सगळ्या वेळा जाणत्या होत्या, तेवढी काळजी मी घेतली होती. पण दोन जाणत्या वेळांचा टाइमझोन एकच असेल तर वजाबाकी करताना पायथन तो टाइमझोन बाजूला ठेवतो आणि नुसते घड्याळाचे काटे वजा करतो. सातातून अकरा गेले, उरले आठ. टाइमझोन वेगवेगळे असतील, तर मात्र तो आधी दोन्ही वेळा यूटीसीत नेतो आणि मगच वजा करतो. म्हणजे झोपायची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळात ठेवा, उठायची वेळ, तीच, त्याच क्षणाची, कोलकात्याच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच अशी लिहा, आणि उत्तर नऊ येतं. क्षण तेच, माणूस तोच, झोप तीच, आणि उत्तरं दोन. जाणती म्हणवणारी वेळ ऐन गरजेच्या रात्री भोळी होते.

हे सगळं कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या बाबतीत ही लायब्ररी प्रामाणिक आहे आणि चूक माझीच होती. शिवाय असं करण्यामागे विचार नाही असंही नाही. 'उद्या याच वेळी भेटू' म्हणताना आपल्याला काटे अभिप्रेत असतात. मधल्या रात्री तास वाढला म्हणून कोणी सातची भेट सहावर नेत नाही. पण मग काट्यांचा हिशेब आणि सरलेल्या काळाचा हिशेब या दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्हींसाठी वजाबाकीचं चिन्ह एकच ठेवलं हे माझ्या मते चुकलं. पायथनमध्ये 'एक दिवस' आणि 'चोवीस तास' तंतोतंत समान आहेत. मार्चमधल्या त्या रविवारी तेवीस तासांत दिवस संपवलेल्या कोणालाही विचारा, समान आहेत का ते. जावा या भाषेत २०१४ मध्ये आलेल्या नव्या विभागात हा फरक प्रकारातच केला आहे. क्षण हा एक प्रकार, भिंतीवरच्या घड्याळाचं वाचन हा दुसरा, आणि झोनसकट वेळ हा तिसरा. दिवसांची मोजणी आणि सेकंदांची मोजणीही तिथे वेगळ्या वस्तू आहेत. सुरुवातीला नावं पाठ करताना जीव जातो, पण काय विचारायचं आहे ते आधी ठरवावंच लागतं. जावास्क्रिप्टबद्दल न बोललेलं बरं. महिने शून्यापासून मोजणारी भाषा ती, तीही आता 'टेम्पोरल' घेऊन याच वाटेने निघाली आहे.

डेटटाइम आला २००३ मध्ये. त्याच्याबरोबरच 'यूटीसी-नाऊ' नावाची सोय आली. ती यूटीसीची वेळ देते, पण त्यावर यूटीसीचं लेबल लावत नाही. ती भोळी वेळ पुढे त्याच विभागाच्या दुसऱ्या सोयीला दिली, की ती सोय तिला स्थानिक वेळ समजते. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर काही बिघडत नाही. माझ्या लॅपटॉपवर हिवाळ्यात पाच तासांची चूक होते. ही सोय वापरू नका असं अधिकृतपणे सांगायला २०२३ उजाडलं. कागदपत्रांत म्हटलंय की भोळ्या वेळेचा अर्थ काय लावायचा ते प्रोग्रॅमने ठरवावं, जसं एखादा आकडा मीटरचा की मैलांचा हे ठरवतो. तुलना ठीक आहे, पण मग लायब्ररीने स्वतःहून अर्थ लावायला नको. इथे ती कधी लावते, कधी लावत नाही.

यातली सगळ्यात गमतीची चूक आपल्या साडेपाचची आहे. २०१५ मध्ये पायथन ३.५ येईपर्यंत यूटीसीची मध्यरात्र 'असत्य' मानली जात असे, शून्याला मानतात तशी. त्यामुळे भारतीय झोनचं लेबल लावलेली पहाटेची साडेपाचची वेळ 'वेळ दिली आहे का?' या तपासणीत 'नाही' ठरायची. गजर लावणाऱ्याने साडेपाच भरले, आणि प्रोग्रॅम म्हणतो काहीच भरलेलं नाही!

आणि २०२० मध्ये, ३.९ आवृत्तीत, टाइमझोनची नावं मूळ भाषेत आली. तोवर बहुतेक जण 'पायटीझेड' हे बाहेरचं पॅकेज वापरायचे. त्यातला कोलकात्याचा झोन थेट वेळेला चिकटवला, तर ती यूटीसीच्या साडेपाच नव्हे, पाच तास त्रेपन्न मिनिटं पुढे जायची. कारण पॅकेज तक्त्यातली सगळ्यात जुनी ओळ उचलायचं, आणि ती ओळ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली कलकत्त्याची स्थानिक वेळ. तेवीस मिनिटांची ही चूक ज्यांनी रात्र रात्र शोधली आहे, ते हा परिच्छेद वाचून हसतील अशी आशा आहे.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक. दोनदा येणाऱ्या तासातला दीड वाजला तो पहिला की दुसरा, हे सांगायला २०१६ च्या ३.६ आवृत्तीत 'फोल्ड' नावाचं एक मूल्य जोडलं गेलं. पहिल्यासाठी शून्य, दुसऱ्यासाठी एक. त्याचा प्रस्ताव वाचताना मला कालनिर्णय आठवलं. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला, तेव्हा आपण एकाला 'अधिक' म्हटलं, दुसऱ्याला 'निज', आणि सणवार कुठल्या महिन्यात करायचे याबद्दल कुणाचा गोंधळ झाला नाही. तिथीचंही तसंच. दोन सूर्योदय पाहणारी ती वृद्धी तिथी, एकही न पाहणारी ती क्षय तिथी. मार्चमध्ये दोन ते तीन हा तास गायब होतो तो क्षयच की. पण क्षय तिथी पंचांगात क्षय म्हणून छापलेली असते. पायथनमध्ये मार्चच्या त्या रात्रीचे अडीच, जे कुठल्याच घड्याळात वाजले नाहीत, तुम्ही खुशाल लिहू शकता. तक्रार येत नाही.

गेल्या वर्षी आईने आजीची पत्रिका स्कॅन करून पाठवली. आजीचा जन्म १९४४ चा. ज्योतिषीबुवांनी जन्मवेळ लिहून पुढे बारीक अक्षरात नोंद केली आहे की ही युद्धकाळची वेळ आहे, एक तास पुढची. शेजारी सूर्योदयापासूनची घटी-पळं आहेत. काट्यांचं वाचन, ते कोणत्या घड्याळाचं याची नोंद, आणि घड्याळावर अवलंबून नसलेलं एक माप, या तिन्ही गोष्टी बुवांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. मी पायथनला १९४४ ची ती वेळ कोलकात्याच्या झोनसकट दिली. त्याने यूटीसीच्या साडेसहा तास पुढे असं उत्तर दिलं, जे बरोबर आहे. त्या तक्त्यात ऑक्टोबर १९४५ पर्यंतचा तो वाढीव तास नोंदलेला आहे.

मग आजीच्या थोरल्या भावाची पत्रिका पाहिली. गिरगावातला जन्म, युद्धाच्या आधीचा, आणि वेळेपुढे 'मुंबई टाइम'. म्हणजे स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागची. पायथनच्या तक्त्यात भारतासाठी कोलकाता हा एकच झोन आहे, कारण १९७० नंतर जिथली घड्याळं एकसारखी चालली त्यांना एकच नाव देतात. मुंबईची ती वेळ त्यात नाही. मी ४ तास ५१ मिनिटांचा झोन हाताने तयार केला, त्याला 'मुंबई' नाव दिलं, आणि आजोबांच्या जन्मवेळेला लावला.

माझ्या तक्त्यातल्या सगळ्या वेळा आता आधी यूटीसीत जातात आणि मगच वजा होतात. निष्कर्ष बदलला. नवा आलेख जुन्याइतका देखणा नाही.