‘गेटिंग थिंग्ज डन’ : प्रकल्प आणि पुढील कृती या संकल्पनांची चिकित्सा

प्रस्तावना :
व्यवस्थापनविषयक स्वयंसाहाय्यपर ग्रंथ सहसा समीक्षेच्या कक्षेबाहेर राहतात. अमेरिकी सल्लागार डेव्हिड ॲलन यांचा ‘गेटिंग थिंग्ज डन’ (२००१, सुधारित आवृत्ती २०१५) हा ग्रंथ मात्र विचारार्ह आहे, कारण त्यात काम या संकल्पनेचीच पुनर्व्याख्या केलेली आढळते.

पद्धतीचे स्वरूप :
एकाहून अधिक कृतींची अपेक्षा असणारे कोणतेही इष्ट फलित म्हणजे ‘प्रकल्प’, अशी ॲलन यांची व्याख्या आहे. प्रकल्प प्रत्यक्ष करता येत नाही. करता येते ती केवळ त्याची ‘पुढील कृती’. ‘शोधनिबंध पूर्ण करणे’ ही नोंद म्हणूनच यादीत निष्क्रिय पडून राहते. ‘ग्रंथपालांकडे संदर्भ-अंकाची मागणी नोंदवणे’ ही नोंद हात हलवावयास लावते. दोन मिनिटांत होणारे काम तत्काळ उरकावे, उर्वरित कामे विश्वसनीय याद्यांत नोंदवावीत आणि त्यांचा साप्ताहिक आढावा घ्यावा, असा हा क्रम आहे.

मूल्यमापन :
या मांडणीस मानसशास्त्रीय आधारही लाभला आहे. अपूर्ण उद्दिष्टे मनात व्यत्यय आणतात. परंतु त्यांची निश्चित योजना आखताच हा व्यत्यय ओसरतो, असे मासिकाम्पो व बाऊमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रयोगांद्वारे दाखविले. काम संपण्यापूर्वीच मन मोकळे होऊ शकते, हा ॲलन यांचा दावा त्यामुळे बळकट होतो.

तथापि दोन मर्यादा स्पष्ट दिसतात. पहिली, वैचारिक कामाची पुढील कृती नेहमीच आधी सांगता येत नाही. एखाद्या सिद्धान्ताशी महिनोन्‌महिने झुंजणाऱ्या अभ्यासकाच्या यादीत क्षुल्लक कामांवर भराभर खुणा होतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. ॲलन यांनी दीर्घकालीन ध्येयांच्या पातळ्या सांगितल्या आहेत. परंतु पद्धतीचा दैनंदिन भर तळाच्या पातळीवरच राहतो. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. कामाचा ओघ कोठून येतो, हा प्रश्न ही पद्धत पुरेशा गांभीर्याने विचारत नाही. कॅल न्यूपोर्ट यांनी २०२० मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मधील लेखात नेमके यावरच बोट ठेवले : कार्यसंस्कृतीतून उद्भवलेल्या समस्येचे उत्तर एकट्या व्यक्तीकडे मागितले जाते. अध्यापन, परीक्षा, समित्या आणि अहवाल यांत विभागलेल्या प्राध्यापकाची यादी कितीही नेटकी असली, तरी तीत भर घालणारे हात बहुधा इतरांचेच असतात.

निष्कर्ष :
‘पुढील कृती’ ही संकल्पना चालढकलीवरील प्रभावी उपाय होय आणि तेवढ्यापुरती ती अवश्य स्वीकारावी. परंतु साप्ताहिक आढाव्यात ‘पुढे काय करावयाचे’ या प्रश्नासोबत ‘हे काम मुळात कोणी आणि का सोपविले’ हा प्रश्नही यावयास हवा. आणि त्याचे उत्तर व्यक्तीच्या वहीत नव्हे, तर विभागाच्या बैठकीत शोधावयास हवे. अन्यथा नीटनेटकी यादी ही अतिरिक्त कार्यभाराला दिलेली मूक संमती ठरते.